मॉड्युलेटरची कामं: अर्थ, सेन्सर आणि तो एलईडी बल्ब

मागच्या नोंदीत बाईकच्या हेडलाइटचा मॉड्युलेटर बसला, चालला, एवढंच लिहिलं होतं. आता त्याच्या कुरबुरी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा छोटा डबा बल्ब आणि कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरींचा सॉकेट) यांच्यामध्ये बसतो आणि दिवसा हेडलाइटचा उजेड सेकंदाला साधारण चार वेळा कमी-जास्त करतो. समोरून वळायच्या बेतात असलेल्या गाडीवाल्याच्या नजरेत बाईक भरावी, एवढाच हेतू. बाजारातले बरेच मॉड्युलेटर अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०८ या गाड्यांच्या दिव्यांबद्दलच्या नियमाला धरून बनवलेले असतात. त्यानुसार मिनिटाला २४० आवर्तनं, त्यात ४० इकडे-तिकडे चालतात. प्रत्येक आवर्तनात ५० ते ७० टक्के वेळ बल्ब पूर्ण ताकदीने पेटला पाहिजे आणि उजेड कमाल तीव्रतेच्या १७ टक्क्यांखाली जाता कामा नये. आपापल्या देशात हे रस्त्यावर चालतं का, ते ज्याचं त्याने बघावं. पण दोष शोधताना हे आकडे हाताशी असले की बरं पडतं.

पहिली तक्रार मीटर कन्सोलची. मॉड्युलेशन सुरू झालं की कन्सोलचा बॅकलाइट आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा हेडलाइटच्या तालावर मंद लुकलुकायचे. अशा वेळी सगळे मॉड्युलेटरच्या नावाने बोटं मोडतात. माझा संशय पहिल्यापासून अर्थवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीवर होता, कारण माझ्या हार्नेसमध्ये (बाईकच्या वायरींच्या जुडग्यात) हेडलाइट आणि कन्सोलची अर्थ वायर एकच आहे. ५५ वॉटचा फिलामेंट साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो. त्या वायरीत थोडा जरी रेझिस्टन्स असेल, तर दर ठोक्याला कन्सोलची अर्थ वर-खाली होणारच.

मोजायची पद्धत अशी. आधी मॉड्युलेटरच्या उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर (अंधार पडला की तो मॉड्युलेशन थांबवतो) काळी टेप लावून मॉड्युलेशन बंद करायचं. साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचन घेतो, त्यामुळे चालू मॉड्युलेशनमध्ये आकडे नुसते नाचतात आणि त्यांचा काडीचा उपयोग नसतो. मग हेडलाइट चालू ठेवून काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने अर्थच्या पिनेला. माझ्याकडे ०.६ व्होल्ट आले. हे ०.१ च्या आसपास हवं. हिशेब केला तर रेझिस्टन्स जेमतेम ०.१३ ओहम निघतो. ओहमच्या रेंजवर तो दिसतच नाही, कारण प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. म्हणून ‘कंटिन्युइटीला बीप वाजतोय, अर्थ ठीक आहे’ या निदानावर माझा विश्वास नाही. करंट वाहत असतानाच मोजा.

टाकी उचलली. अर्थचा थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) फ्रेमच्या रंगावरच आवळलेला होता. बोल्टच्या कडेने हिरवट बुरशीसारखा थर, आणि थिंबल वायरीवर दाबून बसवतात तिथे, क्रिम्पच्या तोंडाशी, वायरीच्या तारा काळ्या पडलेल्या. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, नवा थिंबल मारला आणि हेडलाइटसाठी वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. आता ०.०८ व्होल्ट. कन्सोल गप्प.

दुसरी कुरबूर सेन्सरची: भर उन्हात मॉड्युलेशन मध्येच थांबायचं. नियमात सेन्सरचा अक्ष क्षितिजपातळीला काटकोनात हवा असं म्हटलंय. वर तोंड असेल तर २७० लक्सखाली आणि खाली तोंड असेल तर रस्त्यावरून परतणाऱ्या ६० लक्सखाली मॉड्युलेशन थांबलं पाहिजे. (खाली तोंडाच्या सेन्सरची चाचणी घेताना रस्ता म्हणून कोडॅकचं ग्रे कार्ड अंथरायचं असतं. नियम लिहिणारा माणूस फोटोग्राफीचा शौकीन असावा.) भर उन्हात एक लाखाच्या घरात लक्स असतात, म्हणजे २७० ला खाली यायचं तर सेन्सरला चांगलंच झाकावं लागतं. माझा सेन्सर काळसर विंडस्क्रीनच्या मागे, केबल टायने पुढे कलून, क्लच केबलच्या सावलीत बसला होता. तो हँडलच्या क्लॅम्पशेजारी सरळ वर तोंड करून चिकटवला आणि प्रश्न मिटला. तपासताना त्यावर बोट ठेवून भागत नाही, बोटातून लाल उजेड झिरपतो. टेपच लावा.

तिसरं प्रकरण मित्राच्या बाईकचं. मॉड्युलेटर लावला की काहीच फरक नाही, काढला तरी तसंच. काही बाईकवर एच४ (अप्पर-डिपर एकत्र असलेला तीन पिनांचा बल्ब) कपलरची सामाईक पिन अर्थ नसून पॉझिटिव्ह असते आणि अप्पर-डिपरचा स्विच निगेटिव्ह बाजू तोडतो. मॉड्युलेटर मात्र फिलामेंटच्या पॉझिटिव्ह वायरीत बसवायचा असतो, नियमही अर्थच्या बाजूने नाही असंच सांगतो. कपलर सुटा करून तिन्ही पिनांवर व्होल्टेज बघा. अप्पर-डिपर कसंही फिरवलं तरी एकाच पिनेवर बारा व्होल्ट आणि बाकी दोन कोऱ्या, तर हीच भानगड. उपाय दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच): जुनी वायरिंग फक्त कॉइल ओढेल आणि रिले फ्यूजमधून पॉझिटिव्ह पुरवेल. पण मॉड्युलेटर रिलेच्या पुढे, बल्बच्या बाजूला. तो रिलेच्या आधी लावला तर रिलेच टकटकायला लागेल. मिनिटाला २४० म्हणजे तासाला १४,४००, आणि साध्या रिलेचं लोडवरचं आयुष्य लाखभर वेळा उघड-बंद होण्याचं धरतात. म्हणजे सात तासांत खेळ खल्लास.

राहिला एलईडी. हॅलोजनचा उजेड साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घातात बदलतो. १७ टक्के उजेडासाठी फिलामेंटला सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज मिळालं तरी पुरतं. तापलेली तार वेगाने थंड होत नाही, म्हणून मॉड्युलेटर वीज झटपट तोडतो-जोडतो ते डोळ्याला दिसत नाही आणि उजेड गुळगुळीत कमी होतो. बदली एलईडी बल्बच्या आत मात्र स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट असतं. व्होल्टेज कमी झालं तरी ते एलईडीला तेवढाच करंट देत राहतं, आणि मॉड्युलेटरची तुटक वीज त्याला झेपत नाही. माझ्या बल्बात कधी मॉड्युलेशनच दिसेना, कधी दिवा पार विझून पेटायचा, म्हणजे १७ टक्क्यांची अट गेली उडत. यावर कपॅसिटर लावण्याचे सल्ले मिळतात, मला ते पटत नाहीत. एक तर हॅलोजन ठेवा, नाहीतर एलईडीसाठीच बनवलेला मॉड्युलेटर घ्या. मी सध्या हॅलोजनवर परतलोय. मॉड्युलेशनही हाय बीमवरून लो बीमवर आणलंय, कारण पुढच्या गाडीच्या आरशात हाय बीम धडधडत राहिला तर तो माणूस वैतागणारच.

पुढचं काम मॉड्युलेटरमधला व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. नियमात ०.४५ व्होल्टची मर्यादा आहे. सेन्सर झाकून, मीटरचा एक प्रोब इनपुटला, दुसरा आउटपुटला. गार असताना ०.२१ दिसतोय. लांबच्या राइडनंतर डबा तापल्यावर किती होतो, ते पुढच्या नोंदीत.