आटे गाडीचे, बूड चाकाचं

आमच्या साडूंनी त्यांच्या होंडा सिटीला बाजारातली नवी १६ इंची मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमची अलॉय चाकं, बसवून घेतली. कंपनीची जुनी १५ इंची चाकं गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पडून होती. संक्रांतीला गेलो तेव्हा मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो असणार. साडू म्हणाले, "घेऊन जा हो. नाहीतर पुढच्या आठवड्यात भंगारवाला नेणारच आहे."

फुकट अलॉय कोण सोडतो? माझी स्विफ्ट व्हीडीआय, २०१३ची. चाकं म्हणजे पत्र्याची १४ इंची डिस्क, वर प्लॅस्टिकच्या झाकण्या, त्यातली एक कसारा घाटात कधीच उडालेली. मोबाइलवर खातरजमा केली. सिटीचा पीसीडी ४ × १००, स्विफ्टचाही ४ × १००. म्हणजे चार भोकं, आणि ती ज्या वर्तुळावर पाडलेली असतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर १५ टायर देते. माझ्या १६५/८० आर १४ची उंची साधारण ६२० मिलिमीटर आणि याची ६२१.५, त्यामुळे स्पीडोमीटरलाही फरक कळणार नाही. मी खूश. चारही चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर रचून घरी आणली. ही तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसली होती आणि सातपूरपर्यंत एक शब्द बोलली नाही.

टायरवाल्याकडे नवीन टायर चढवले, बॅलन्सिंग झालं. बसवताना पोराने माझ्याच गाडीचे जुने नट घेतले आणि हवेच्या गनने टर्रर्र करून आवळले. मी विचारलं, "हेच नट चालतील ना?" तो म्हणाला, "काका, सगळ्या मॅगला हेच लागतात." दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्या पोराएवढीच माझीही होती. मी सातपूर एमआयडीसीत २६ वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या जॉबमध्ये शतांश मिलिमीटर शोधतो आणि माझ्या स्वतःच्या चाकाचा नट उलटा करून बघितला नाही.

पुढच्याच रविवारी सप्तशृंगी गडावर गेलो. दिंडोरी, वणी, नांदुरी, साधारण ६० किलोमीटर. जाताना ८०च्या पुढे स्टिअरिंगला बारीक थरथर होती. वाटलं, बॅलन्सिंग नीट झालं नसेल. दर्शन झालं, घाट उतरलो, आणि वणी सोडल्यावर डाव्या बाजूने आवाज सुरू झाला. कट... कट... कट. वेग वाढवला की जवळजवळ, कमी केला की लांबलांब. द्राक्षाच्या एका बागेला लागून गाडी उभी केली. पुढच्या डाव्या चाकाच्या नटाला हात लावला तर तो बोटाने फिरला. बोटाने! दुसरा पान्याने अर्धा आटा फिरला. उरलेले दोन घट्ट होते, म्हणजे चार नटांचं काम दोघंच करत होते. चारही आवळले आणि चाळिसाच्या वर न जाता घरी आलो. वाटेत दोनदा थांबून पुन्हा आवळले, आणि दोन्ही वेळा ते थोडे थोडे फिरले. मुकाट्याने फिरले, याची मला खरी भीती वाटली. नीट बसलेला नट असा सारखा सारखा जागा सोडत नाही.

सोमवारी रजा टाकली. पार्किंगमध्ये जॅक लावून चाक काढलं, नट हातात घेतला, चाकातलं भोक बघितलं आणि डोक्यावर हात मारून घेतला.

माझ्या नटाचं बूड शंकूसारखं, सरळ उताराचं, बाजारात ज्याला ६० अंशाचा म्हणतात तसं. सिटीच्या चाकातली बैठक मात्र वाटीसारखी गोल. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोलाच्या बुडाचा नट लागतो, त्रिज्या १२ मिलिमीटर. शंकू वाटीत बसवला तर तो एक तर वाटीच्या कडेला टेकतो, नाहीतर खाली भोकाच्या ओठावर. पृष्ठभागाला पृष्ठभाग लागत नाही, नुसती एक रेघ लागते.

हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्याकडे टूलरूममध्ये अशा वेळी निळा लावतात. एका भागाला पातळ निळा फासायचा, दुसऱ्यावर टेकवायचा आणि डाग कुठे उठतो ते बघायचं. घरी निळा कुठला? हिची काजळाची डबी घेतली. नटाच्या बुडाला करंगळीने काजळ फासलं, चाकाच्या भोकात नट दाबून पाव फेरा फिरवला आणि बाहेर काढून टॉर्चने आत बघितलं. वाटीत केसाएवढी काळी रेघ उठली होती, तीही अर्ध्याच बाजूला. बाकी सगळं ॲल्युमिनियम कोरं करकरीत. नांदुरीचा घाट मी त्या रेघेच्या भरवशावर उतरलो होतो.

यामागचं कारण साधं आहे. नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा म्हणजे स्टड, आणि चाक ज्यावर टेकतं तो गाडीचा भाग म्हणजे हब. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. गाडीचं वजन खरं तर या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर पेललं जातं. बूड रेघेवर टेकलेलं असलं की तिथलं मऊ ॲल्युमिनियम दबतं. ते दबलं की ताण उतरतो, आणि ताण उतरला की नट सैल. पाना मारताना हाताला मात्र पहिल्या क्षणी सगळं घट्टच लागतं.

साडूंना फोन केला. "तुमच्या जुन्या चाकांचे नट आहेत का हो?" ते म्हणाले, "जुने म्हणजे? गाडीलाच आहेत की." मी बरं म्हणून फोन ठेवला.

आमच्या कंपनीत एकाकडे सिटी आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गाडीचा एक नट मागून घेतला. तो म्हणाला, "साहेब, दहा मिनिटांत परत पाहिजे, मला तीन चाकांवर घरी जायचं नाही." काजळाची डबी खिशातच होती. माझं एक चाक डिकीत टाकून आणलं होतं, त्यात हा नट टेकवला. उमटला तो चांगला रुंद, सगळीकडून सारखा पट्टा. अगदी कंगन! आता हाच नट सोळा आणायचे आणि काम संपलं, असं वाटून तो माझ्या स्टडवर फिरवायला गेलो. दोन फेरे गेला आणि अडकला.

आट्यांची चाल वेगळी. होंडाचा एम १२ × १.५, मारुतीचा एम १२ × १.२५. जाडी तीच, पण एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर पाव मिलिमीटरने कमी. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दोन-तीन फेऱ्यांत ते साठत जातं आणि आटे एकमेकांवर चढतात. मी हाताने फिरवत होतो म्हणून अडकल्यावर थांबलो. हवेची गन थांबत नाही. ती ढकलते, नट बसल्यासारखा दिसतो, आणि स्टडचे आटे तिथेच कापले जातात. म्हणून कोणाच्याही दुकानात जा, नट आधी चार-पाच फेरे बोटांनी फिरवायला लावा. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

घरी चाल मोजायचं पिच गेज नसेल तर साधी पट्टी पुरते. स्टडचे दहा आटे मोजायचे. १२.५ मिलिमीटर भरले तर १.२५ची चाल, १५ भरले तर १.५ची. मारुती १.२५ आणि होंडा, ह्युंदाई, टोयोटा १.५ एवढं लक्षात ठेवलं तरी नाशकातल्या निम्म्या पार्किंगचा हिशेब होतो. मात्र टोयोटाचा बिल्ला असलेली ग्लांझा आतून मारुतीची बलेनोच आहे, त्यामुळे बिल्ल्यावर जाऊ नका, स्टड मोजा.

तर मला हवा होता मारुतीच्या आट्यांचा आणि होंडाच्या बुडाचा नट. आटे गाडीकडून ठरतात, बूड चाकाकडून. सोयरिक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं आहे ते, दोन्ही घरांशी पटलं पाहिजे. आणि असा नट दुकानात मागितला की समोरचा आपल्याकडे बघतो. नाशकात मुंबई नाक्यापासून द्वारका चौकापर्यंत सगळी दुकानं फिरलो. सगळीकडे तेच चकचकीत क्रोमचे लांब नट, सगळे शंकूचे. बाजारात सुटी मिळणारी बहुतेक मॅगव्हील शंकूच्या बैठकीची असतात, त्यांना तेच चालतात. एकाने फोक्सवॅगनचं बूड गोल असतं म्हणून तिकडचं काही बघा असं सुचवलं. पण तिथे नट नसतोच, हबमध्ये बोल्ट जातो. आणि तो गोलही १३ मिलिमीटर त्रिज्येचा. डोळ्याला १२ आणि १३ सारखेच दिसतात, काजळाला दिसत नाहीत.

मग एमआयडीसीतल्या माणसाच्या डोक्यात येतं तेच माझ्याही आलं. सोळा नट टर्न करून घ्यायला असा किती वेळ लागणार? फॉर्म टूल घासून १२ची त्रिज्या काढायची, टॅप मारून आटे पाडायचे, झालं. आमच्याकडचे लेथवरचे जुने मामा आहेत, त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "तुला नट पाहिजे का नटासारखं दिसणारं काहीतरी?" मी गप्प. "मटेरियल कुठलं घेणार? हार्डनेस किती ठेवणार? सोळा तुकड्यांसाठी भट्टी कोण लावणार? आणि आटे आणि बूड एका सेंटरला नाही आले, तर तू स्वतःच रिजेक्ट करशील. माझ्या तोंडावर फेकशील." त्यांचं बरोबर होतं. असला जॉब माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल टॅग लावला असता.

स्टडच बदलून १.५चे घालायचे असाही एक मार्ग असतो. पण ते हबमध्ये दाबून बसवलेले असतात. मागच्या दातेरी गळ्याचा व्यास तंतोतंत जुळावा लागतो, आणि पुढचे काढायला हबची उस्तवार. साडूंच्या फुकट चाकांसाठी एवढं नको, असं घरातून फर्मान निघालं.

शेवटी मुंबईच्या एका स्पेअर पार्टवाल्याकडे मिळाले. एम १२ × १.२५, गोल बूड, १२ त्रिज्या. फोनवर तीनदा वदवून घेतलं आणि नटाचा फोटो पट्टीशेजारी ठेवून मागवला. आल्यावर प्रत्येकाला काजळ लावलं. सोळा नट, सोळा पट्टे. किंमत ऐकून ही म्हणाली, "फुकटची चाकं ना?" त्यावर मी चहा करायला आत गेलो.

बसवताना दोन गोष्टी बघितल्या. नट बोटाने टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजलं. स्टड १२चा, म्हणजे किमान १२ मिलिमीटर आटे धरायला हवेत. १.२५च्या चालीत ते दहा फेरे होतात. माझे अकरा भरले. आणि हे नट बंद टोपीचे असल्यामुळे स्टडचं टोक आत टोपीला आधीच टेकत नाही ना, हे चाक न लावता तपासलं. तसं टेकलं तर पाना घट्ट लागतो आणि चाक हलतं राहतं.

थरथरीचं कारणही सापडलं. सिटीच्या चाकाचं मधलं भोक ५६.१ मिलिमीटर आणि स्विफ्टच्या हबचा उंचवटा ५४.१. चाक हबवर न बसता निव्वळ नटांवर लोंबकळत होतं, आणि नटही चुकीचे. ५६.१ ते ५४.१च्या चार रिंगा आणून मध्ये घातल्या. ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, कंपनीतून आणली, मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावली आणि समोरासमोरचे नट असे आवळले. आट्यांना तेल लावलं नाही. शेजारचे काका "थोडं ऑइल लाव रे, पुढे काढायला सोपं जाईल" म्हणत होते. पण तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराला स्टड जास्त ताणला जातो, आणि मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा असतो. १०० किलोमीटरनंतर पुन्हा रेंच लावली. क्लिक, क्लिक, एकही हलला नाही.

स्टेपनी मात्र अजून जुनी, पत्र्याचीच आहे, आणि तिची बैठक शंकूची. रात्री घाटात पंक्चर झालं तर गोल नट तिला लावायचे नाहीत. म्हणून जुन्यांपैकी चार चांगले नट हिने शिवलेल्या कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवलेत. वर मार्करने लिहिलंय, "फक्त स्टेपनी".

ते लिहिता लिहिताच थांबलो. साडूंचं वाक्य आठवलं. जुने नट गाडीलाच आहेत. म्हणजे होंडाचे गोल नट, बाजारातल्या नव्या १६ इंची चाकांवर.

फोन लावला. "नव्या चाकांना नट कुठले टाकलेत तुम्ही?"

"सांगितलं ना, जुनेच. का हो?"

"गाडी काढू नका," म्हटलं. "मी येतो." आणि हिच्याकडे पुन्हा काजळाची डबी मागितली.