घोडीला एपिड्युरल: औषध थोडं, धीर जास्त

घोडीलाही एपिड्युरल, म्हणजे कण्यातल्या नसांभोवती सुन्न करणारं इंजेक्शन, देतात म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मग ती खाली बसत नाही का? नाही बसत, आणि बसू द्यायचीच नाही, सगळं कसब त्यातच आहे.

विताना शिंगराचा पाय लागून मायांगापासून गुदद्वारापर्यंत फाटलेली घोडी घ्या. ताज्या जखमेला सूज असते, टाके धरत नाहीत, म्हणून 4-6 आठवडे थांबून मग शिवायचं. आता एवढ्यासाठी पूर्ण भूल देऊन आडवी पाडायची? पूर्ण भूल दिलेल्या शंभर घोड्यांत साधारण एक दगावतो हो. आणि नुसतं गुंगीचं इंजेक्शन देऊन टाके घालणं मला पटतच नाही, घोडी गप उभी दिसते पण दुखतं ते दुखतंच.

म्हणून ट्रेव्हिसमध्ये, म्हणजे जनावर उभं अडकवायच्या चौकटीत, उभी करायची, हलकी गुंगी द्यायची आणि शेपटी हापशाच्या दांड्यासारखी वर-खाली करत बोटाने चाचपायचं. जिथे पहिली हलणारी खाच लागते ती पहिल्या-दुसऱ्या शेपटीच्या मणक्यामधली जागा. तिथले केस काढून स्वच्छ धुवायचं, कातडीखाली थोडं लिग्नोकेन, म्हणजे जागा सुन्न करणारं औषध, आणि मग सुई. सुई बरोबर जागी पोचली की अडसर एकदम जातो, सिरिंजचा दट्ट्या जोर न लावता आत सरकतो.

450 किलोच्या घोडीला 2 टक्के लिग्नोकेन फक्त 5 मिलीच्या आसपास! जास्त दिलं तर औषध पुढे सरकून मागच्या पायांच्या नसा धरतं, पाय लटपटले की घोडी घाबरते आणि घाबरलेली घोडी स्वतःला आणि माणसांना दोघांनाही मोडते. मालक म्हणतात, डॉक्टर अजून थोडं मारा की. नाही मारायचं, 10-20 मिनिटं थांबायचं, शेपटी लुळी पडली आणि गुदद्वाराजवळ टोचल्यावर आकसलं नाही की लागा कामाला. सोबत झायलाझिन हे गुंगीचं, वेदना कमी करणारं औषध मिसळलं की असर कितीतरी जास्त वेळ टिकतो, मोठ्या शिलाईला मी तेच घेतो.

अडलेल्या घोडीचं मात्र वेगळं. पाणमोट फुटल्यावर शिंगरू अर्ध्या तासात बाहेर यायला हवं, ते जिवंत असेल तर मी एपिड्युरल चढायची वाट बघत बसत नाही. तसंही एपिड्युरलने घोडीचं पोटाने जोर करणं तेवढं कमी होतं, गर्भाशयाच्या कळा थांबत नाहीत.

आणि मालकांनो, शेपटी पुन्हा नीट हलायला लागेपर्यंत घोडीला गाडीत चढवू नका, कितीही घाई असली तरी.