तुम्ही विचारलंत म्हणून : गीरपर्यंत जाऊन सिंह का पाहिला नाही

आमच्या गुजरात ट्रिपबद्दल अमळनेरात भेटेल तो माणूस तीन प्रश्न विचारतो. गाडी कोणी चालवली? सिंह दखा का? आणि नाही म्हटलं की, मंग कसाले गयात, म्हणजे मग कशाला गेलात?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, मी चालवली. दुसऱ्याचंही सोपं आहे. तिसऱ्याला मी आजवर "आईंची तब्येत बिघडली" एवढं सांगून सुटत आले. ते खोटं नाही, पण त्यात सगळं खापर सासूबाईंवर फुटतं. परवा एका हळदीच्या कार्यक्रमात कुणीतरी त्यांना तोंडावरच म्हणालं, "तुमच्यामुळे नातवंडांचा सिंह राहिला म्हणे." आई ताटातली पोळी मोडत राहिल्या. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणून हे एकदाचं लिहून टाकते. पुन्हा कुणी विचारलं तर इथे बोट दाखवीन.

आधी प्लॅन, कारण निम्म्या लोकांना तेवढाच हवा असतो. एका ट्रिपमध्ये शहर, समुद्र आणि जंगल, तिन्ही, स्वतःच्या गाडीने. आपण लोक समुद्र म्हटलं की कोकणाकडे बघतो. पण इथून कोकण म्हणजे आधी नाशिक, मग सह्याद्री उतरा, मग मुंबईच्या ट्रॅफिकला वळसा घाला. पश्चिमेला मात्र रस्ता सरळ पडलाय. धुळे, साक्री, कोंडाईबारीचा घाट, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली आणि सुरत. शहर सुरत, समुद्र दीवचा, जंगल गीरचं, असं ठरलं.

सुरतेचं फार सांगत नाही. खानदेशातल्या माणसाला सुरत म्हणजे परगाव नव्हेच. उधना, लिंबायत भागात घरटी एक भाचा, एक साडू निघतो. तिथे किल्ला बघायचा, लोचो खायचा, रिंग रोडच्या मार्केटमधून कापड घ्यायचं असं तुम्ही कागदावर लिहा, प्रत्यक्षात "जेवल्याशिवाय जायचं नाही" यात दिवस जातो. तो दिवस धरूनच चाला. शहरासाठी अर्धा दिवस पुरेल असं सांगणाऱ्याला सुरतेत नातेवाईक नसतात.

खरी मजा पुढे आहे. सुरतेजवळ हजीऱ्याहून घोघ्याला फेरी जाते, गाडीसकट. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. जमिनीवरून खंभातच्या आखाताला वळसा घालून जायचं तर तीनशे सत्तर किलोमीटर, पाण्यावरून नव्वद. खालच्या डेकवर ट्रकच्या शेजारी आपली गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि वर जाऊन बसायचं. चालवणारीला दिवसाढवळ्या तीन-चार तास हात मोकळे, हे सुख मला पहिल्यांदाच मिळालं. तिकीट आधी काढा, सुटायच्या बऱ्याच आधी पोचा, आणि हवा बिघडली तर फेरी रद्द होऊ शकते हे धरून एक दिवस मोकळा ठेवा. घोघ्याहून भावनगर, तळाजा, महुवा, राजुला, ऊना, आणि मग दीव.

दीवबद्दल पुरुषमंडळी एक प्रश्न हळूच विचारतात. हो, मिळते. दीव केंद्रशासित आहे, गुजरातेत दारूबंदी आहे, आणि दोन्हींच्या मध्ये पोलिसांचा नाका आहे. बाटली बरोबर घेऊन निघण्याचा विचार असेल तर माझ्याकडे प्लॅन मागू नका. मला तिथला पोर्तुगीजांचा किल्ला आवडला. तीन बाजूंनी समुद्र, जमिनीच्या बाजूला खंदक, आणि तोफा अजून पाण्याकडे तोंड करून बसलेल्या. नागोआच्या किनाऱ्यावर होका नावाचं झाड आहे, ताडाच्या जातीचं, पण खोडाला फांद्या फुटलेलं. आई त्याच्याखाली बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या.

आता प्लॅनमधली ती गोष्ट, जिच्यावरून घरात अजून भांडण आहे. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, मुक्काम, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशीचा त्या गावचा सूर्यास्त. नवरा हसला होता. "ट्रिप आहे का पंचांग?" पण दीव आपल्यापेक्षा चार अंश पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य पंधरा-सोळा मिनिटं उशिरा मावळतो. हिवाळ्यात ती पंधरा मिनिटं मला हवी होती. माझा नियम आहे, अंधार पडला की हायवेवर गाडी नाही. मामाचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पारोळ्याच्या पुढे, कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी, मागे लाल दिवा नाही, साधा रिफ्लेक्टर नाही, आणि मामाची मोटरसायकल. ते पुन्हा लिहीत नाही.

तर मंगळवारी आम्ही दीवहून जेवून निघणार, उजेडात सासणला, म्हणजे गीरच्या सफारीच्या गावाला पोचणार, तिथे मुक्काम, आणि बुधवारी पहाटेची सफारी. दीव ते सासण शंभरेक किलोमीटर, म्हणजे हाताशी भरपूर वेळ. सफारीला स्वतःची गाडी चालत नाही, वनखात्याच्या परवानगीची जिप्सी लागते आणि तिचं परमिट आधी ऑनलाइन काढावं लागतं, ओळखपत्राच्या नंबरासकट. माझ्या लेकाने ते छापून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं. मधूनमधून काढून त्यात स्वतःचं नाव वाचायचा.

ऊन्याच्या अलीकडे आई म्हणाल्या, "डोळ्यापुढे अंधारी येतेय." मग ओकारी. मग हात गार. गावात एक दवाखाना सापडला, वरच्या मजल्यावर. डॉक्टरांनी जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाले, पाणी कमी पडलंय, एक बाटली लावू या. स्टँड दुसऱ्या पेशंटकडे होता म्हणून कंपाउंडरने बाटली खिडकीच्या गजाला सुतळीने बांधली. थेंब इतके सावकाश पडत होते की नवरा एकदा जाऊन चाक फिरवायला लागला. कंपाउंडरने त्याचा हात बाजूला केला. खिडकीतून खाली गाडी दिसत होती. लेक पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर, गळ्यात दुर्बीण घालून बसला होता.

बाटली संपली तेव्हा पावणेसहा झाले होते. आईंना तरतरी आली होती. "चला, मी ठीक आहे," म्हणून त्या स्वतःच जिना उतरल्या. सासण अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर. तक्त्यात सूर्यास्त सहा दहा.

नवरा म्हणाला, "दोन तासांचा रस्ता. तू दमलीस, मी चालवतो. आण चावी."

तो माझ्यापेक्षा वाईट चालवत नाही, हे आधीच मान्य करते. लायसन्स त्याचं जुनं, हात स्थिर, डोळे चांगले. चावी माझ्या मुठीत होती, सप्तशृंगीच्या छल्ल्यासकट. मी म्हटलं, "आज ऊन्यातच राहू." तो म्हणाला, "सकाळचं परमिट आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." त्याने हात पुढे केला तो तसाच ठेवला. आई बघत होत्या, लेक बघत होता, दवाखान्याखालचा पानवाला बघत होता. मी चावी दिली नाही.

एवढंच झालं. आवाज चढला नाही, कुणी रडलं नाही. त्याने हात खिशात घातला आणि समोरच्या लॉजमध्ये खोल्या विचारायला गेला. जेवताना माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलला. रात्री लेकाने अंधारात विचारलं, "पप्पांना गाडी येत नाही का?" मी म्हटलं, "येते." "मग?" मी झोपल्याचं सोंग केलं.

पहाटे निघायला काय झालं होतं, हा प्रश्नही येतो. हिवाळ्यात तिथे सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. फाटकावर वेळेत हजर व्हायचं तर अंधारातच निघावं लागलं असतं, मग रात्रीचीच गोष्ट पहाटे. देवळियाच्या कुंपणातल्या जंगलात बसने सिंह दाखवतात, तिथे का नाही गेलात? कारण देवळिया बुधवारी बंद असतं. मग गुरुवारी थांबायचं होतं, असंही म्हणतात. गुरुवारी आम्ही परतीला निघालो नसतो तर शनिवारी माझी शाळा, सोमवारी नवऱ्याचं ऑफिस. नोकरदारांच्या ट्रिपमध्ये मोकळा दिवस एकच असतो आणि तो आम्ही फेरीसाठी राखून सुरतेत जेवणावर खर्चला होता.

बुधवारी उजाडल्यावर सोमनाथकडे निघालो. वाटेत चहाला थांबलो. टपरीवाल्याने महाराष्ट्राची नंबर प्लेट बघून विचारपूस केली आणि सहज सांगितलं, काल रात्री आठच्या सुमारास इथून जरा पुढे सिंह रस्त्यावर बसला होता. गाड्या दोन्ही बाजूंना थांबलेल्या. बराच वेळ उठलाच नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. चहा संपवला, पैसे दिले. पण अमळनेरात ही टपरी आता सगळ्यांना पाठ आहे. "हिने चावी दिली असती तर फुकटात सिंह दिसला असता," असं तो हसत सांगतो, आणि ऐकणाराही हसतो.

ऐकणाऱ्यांसाठी सांगते. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त गीरच्या राखीव जंगलाबाहेर होते, शेतांत, पडीक रानात, रस्त्यांच्या कडेला. म्हणजे टपरीवाला खोटं बोलत नव्हता. पण दिवे लावून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या अनोळखी माणसाला वळणावर बसलेला सिंह आधी दिसेल की नंतर, हे कोण सांगणार? तिथली माणसं सिंह धरूनच गाडी हाकतात. आम्ही परमिट धरून हाकली असती. याला नवरा म्हणतो, "ऊना ते सासण रोज शेकडो लोक रात्री जातात." जातात. पारोळा ते अमळनेरही जातात.

इथवर मी बरोबर आहे असं मला वाटतं. पुढे नाही वाटत.

कारण पंधरा वर्षांपूर्वीची मी मला आठवते. तीच बाई रात्री दहाला जेवून अमळनेरहून पुण्याला निघायची. "रात्री ट्रॅफिक नसतं, गाडी सुसाट जाते," असं मैत्रिणींना ऐटीत सांगायची. मागे दोन लेकरं झोपलेली. ती बाई त्या संध्याकाळी ऊन्यात असती तर परमिट वाया गेलं नसतं. मी तिला म्हणते, तुझं नशीब चांगलं होतं. ती म्हणते, तुझ्या मामाचं वाईट होतं, एवढ्यावरून तू सगळ्या रस्त्यांना कुलूप लावलंस. आणि मामा गेला तेव्हा साडेसहा वाजले होते, पुरता अंधार पडलाच नव्हता. तुझ्या सूर्यास्ताच्या रकान्यात तो मावला असता का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

चावीचंही तसंच. मी दमले होते हे खरं, तो ताजातवाना होता हेही खरं. मी चालवणार नसेन तर नियम मला लागू, त्याला का? लोक म्हणतात, तुला स्टिअरिंग सोडवत नाही. बायकांनी गाडी चालवली की हे ऐकावंच लागतं, म्हणून मी ते कानाआड करते. पण मागच्या सीटवर बसून ते दोन तास मला काढता आले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मग मी घरच्यांना वाचवत होते की स्वतःला? लेकाचा सिंह त्यात गेला, एवढं मात्र नक्की. आता तो मोठा झालाय, परमिटची पिशवी कपाटात कुठेतरी आहे, आणि त्याने तो विषय माझ्याकडे पुन्हा काढलेला नाही. नवऱ्याच्या टपरीच्या गोष्टीपेक्षा मला ते जास्त लागतं.

आईंबद्दल, कारण लिहायला बसले त्यांच्यासाठी. परतल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांनी सांगितलं, त्या दिवशी सकाळपासून त्या पाणीच प्यायल्या नव्हत्या. वाटेत कुठे जायचं, गाडी थांबवा म्हणून किती वेळा सांगायचं, सगळे खोळंबतात, म्हणून. तहान लागली तरी फक्त तोंड ओलं करायच्या. म्हणजे त्यांच्यामुळे सिंह राहिला असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या हायवेवर बाईमाणसाने पाणी पिऊन दाखवावं.

यंदा पुन्हा गीरला जायचा घाट घातलाय. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, म्हणून दिवाळीनंतर. या वेळी आधी सासण, समुद्र नंतर. नवऱ्याने तक्ता स्वतः केलाय आणि सूर्यास्ताचा रकाना उडवलाय. मी तो परत टाकला. त्याने परत उडवला. चावीचं दोघंही काढत नाही. आईंना विचारलं, येणार ना? त्या म्हणाल्या, येईन, पण त्या कागदावर संडास कुठे कुठे आहेत ते आधी लिहा.