बीम जाड करण्याआधी मशीन ओढून बघा

कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये दुरुस्तीला येतं ते बहुतेक लेथ, ड्रिल नाहीतर काजू कारखान्यातलं काहीतरी. घरी बनवलेलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारं, मिलिंग मशीन टेम्पोतून उतरताना क्वचितच दिसतं. मालवणच्या एका तरुणाचं हे मशीन. ट्रॉलरवाल्यांसाठी बुश, फ्लँज, पुलीचे तुकडे बनवतो तो. त्याची तक्रार एका वाक्यात होती : "काका, ॲल्युमिनियम बरा कापता, पण लोखंडाक लावलंय काय सगळा मशीन थरथरता."

उपायही तो ठरवूनच आला होता. आडवा बीम १०० बाय १०० बाय ६ च्या चौकोनी पाइपचा होता, त्याजागी १५० बाय १५० बाय १० चा घालायचा. पाइपचा भावही काढून ठेवलेला. त्याला म्हटलं, पाइप नंतर आण, आधी मशीन नेमकं कुठे वाकतंय ते बघू.

मूळ रचना चांगली होती. गॅन्ट्री, म्हणजे दोन उभे खांब आणि वरचा आडवा बीम यांची कमान, जागेवर घट्ट आणि टेबल मागे-पुढे सरकणारं. धातू कापायचा असेल तर घरच्या मशीनला हीच रचना घ्यावी. गॅन्ट्री सरकती ठेवली की तिचे दोन्ही पाय रेलच्या ब्लॉकवर उभे राहतात आणि खालचा प्रत्येक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वर टूलपर्यंत वाढत जातो. रेल २० मि.मी.च्या चौकोनी होत्या, गोल नव्हत्या, हेही बरं. भाग सरकवणारा बॉलस्क्रू १६०५, म्हणजे १६ मि.मी. व्यास आणि एका फेऱ्यात ५ मि.मी. चाल. उभे खांब मात्र १२ मि.मी. जाडीच्या, १५० मि.मी. रुंदीच्या पट्ट्यांचे, ४५० मि.मी. उंच.

मासे तोलायचा हुकाचा स्प्रिंग काटा स्पिंडलच्या, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरच्या, नाकाला अडकवला आणि मॅग्नेटिक स्टँडवर शतांश मिलिमीटरचा डायल टेबलावर लावला. आधी पुढून-मागून, वाय दिशेत, २० किलोंनी ओढलं. डायल ०.०९ वर गेला. मग बाजूने, एक्स दिशेत, तेवढंच ओढलं. डायल ०.३१ वर जाऊन थांबला. मालक डायलवर वाकून बघतच राहिला. २० किलो म्हणजे साधारण १९६ न्यूटन, म्हणजे एक मायक्रॉन हलवायला फक्त ०.६३ न्यूटन. स्टील कापायचं तर निदान अडीच-तीन तरी हवेत. कारखान्यातली व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मोठी सीएनसी मशीनं) याच्या कितीतरी पट पुढे असतात.

आता ०.३१ ची वाटणी. इथे घाई करू नये. डायलचा स्टँड एकेका भागावर हलवायचा, सांध्याच्या एका बाजूला स्टँड आणि दुसऱ्या बाजूला टोक, आणि दर वेळी तीच २० किलोंची ओढ. बेडवर स्टँड ठेवून खांबांच्या माथ्यावर टोक लावलं तर ०.१९. बीम आणि त्यावर सरकणारी एक्स कॅरेज यांच्यामध्ये ०.०६. झेडच्या, म्हणजे वर-खाली चालीच्या, रेल-ब्लॉकमध्ये ०.०५. स्पिंडलच्या क्लॅम्पमध्ये ०.०१. बेरीज जुळली. ती जुळली नाही, तर एखादा सांधा मोजायचा राहिलाय असं समजावं.

ओढ सोडल्यावर डायलचा काटा शून्यावर येतो का, हेही प्रत्येक ठिकाणी बघायचं. आला तर तो लोखंडाचा लवचिकपणा. नाही आला तर खेळ, म्हणजे सांध्यात ढिलेपणा, आहे, आणि खेळावर जाडी हे औषध नाही. कॅरेजच्या ०.०६ पैकी ०.०३ परत येत नव्हते. बॉलस्क्रूचं टोक धरणाऱ्या बीके १२ ब्लॉकमध्ये साधी डीप ग्रूव्ह बेअरिंग निघाली. तिथे ७००१ जातीच्या अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगची जोडी, थोडा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) देऊन, बसायला हवी. स्वस्त ब्लॉक घेतला की तो उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मशीनला लावू नये.

बीम निर्दोष होता. त्याचं वाकणं आणि पिळणं मिळून हिशेबाने ६ मायक्रॉनच्या आसपास येतं. दीडशेचा पाइप घालून त्या ३१० मायक्रॉनमधले फार तर पाच वाचले असते. खरा दोष खांबांचा. १२ बाय १५० ची पट्टी पुढे-मागे ताठ उभी राहते, पण बाजूला ती केवळ १२ मि.मी. जाड. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. दोन्ही खांब मिळून एक्समध्ये ०.१७ वाकतील असं गणित सांगतं, डायल ०.१९ दाखवत होता. पट्टी मीटरला १४ किलो भरते आणि १०० बाय १०० बाय ६ चा पाइप साधारण १७ ते १८ किलो, पण बाजूच्या दिशेला तो पाइप त्या पट्टीच्या जवळजवळ १५० पट ताठ. लोखंड किती घातलं यापेक्षा ते मध्यापासून किती लांब घातलं याला महत्त्व आहे.

उरलेले २ शतांश खांबांच्या पायात होते, आणि हा भाग समुद्राकाठच्या प्रत्येकाने नीट वाचावा. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो, म्हणून त्याने सगळे भाग सुटे असतानाच पावडर कोटिंग करून घेतले होते. सांध्याच्या तोंडांवरसुद्धा. कोटिंगचा एक थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, आणि सांध्यात असे दोन. बोल्टच्या दाबाखाली हा थर हळूहळू बसतो, ताण उतरतो आणि सांधा हलू लागतो. बोल्ट कितीही पिळले तरी काही दिवसांनी पुन्हा तेच. जुळणारी तोंडं उघड्या धातूचीच हवीत. जोडताना तेलाचा पुसट हात फिरवायचा, बोल्ट पूर्ण आवळायचे, आणि मगच बाहेरच्या कडेवर प्रायमर किंवा सीलंटची रेघ ओढायची. गंज बाहेर अडतो, सांधा मात्र धातूला धातू राहतो.

नवे खांब पाइपचे केले, पायाला आणि माथ्याला २० मि.मी.च्या प्लेटा वेल्ड केल्या. वेल्डिंगनंतर ताण काढण्यासाठी भट्टी लागते : साधारण ६०० अंशांवर, दर २५ मि.मी. जाडीला एक तास, आणि मग भट्टीतच थंड. त्यासाठी माल कोल्हापूरला पाठवला. ही पायरी गाळली तर मशीनिंग केलेलं तोंड पुढच्या महिन्यांत हळूच फिरतं. तोंडं भट्टीनंतरच मिल केली, दोन्ही खांब एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे उंची आपोआप सारखी आली. तोंडांना निळा रंग लावून दिसलेले उंचवटे स्क्रेपरने काढले, आणि ८.८ ग्रेडचे एम १२ बोल्ट टॉर्क पान्याने ८० न्यूटन मीटरला आवळले.

झेडमध्ये ब्लॉक एकमेकांपासून फक्त ७० मि.मी.वर होते आणि स्पिंडलचं नाक खालच्या ब्लॉकच्या १८० मि.मी. खाली. नवी प्लेट कापून ब्लॉकमधलं अंतर १४० केलं, स्पिंडल क्लॅम्पमध्ये वर सरकवला.

जोडणी झाल्यावर तीच २० किलोंची ओढ एक्समध्ये : ०.०७. मायक्रॉनला २.८ न्यूटन.

स्पिंडल मात्र २.२ किलोवॅटचा, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा, वॉटर कूल्ड. मालक स्टीललाही तो १८,००० वर चालवत होता. ६ मि.मी.च्या कार्बाइड एंडमिलला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला १०० मीटर वेग धरला तर ५,३०० फेरे येतात. तिथे या स्पिंडलची ताकद अर्ध्या किलोवॅटच्या आसपास उरते, म्हणून टूल रुंदीत कमी घालायचं. चार धारांचं टूल, दाताला ०.०२ मि.मी. म्हणजे फीड मिनिटाला ४२० मि.मी., खोली ६ मि.मी., रुंदी ०.५. चिप कोरडी, निळसर निघाली, आवाज एकसारखा.

खांबाच्या पाइपात इपॉक्सी ग्रॅनाइट (रेझिनमध्ये कालवलेली दगडाची खडी) भरायचं काम ठेवलं आहे. ताठपणा त्याने थोडाच वाढेल, पण थरथर लवकर विरेल. त्यासाठी किनाऱ्यावरची वाळू चालणार नाही, तिच्यातलं मीठ आतून पाइप खाईल. जांभ्याचा चुराही नको, तो सच्छिद्र आहे आणि रेझिन पिऊन टाकतो. काळ्या दगडाचा क्रशर ग्रिट धुऊन, पूर्ण वाळवून घ्यायचा, रेझिन वजनाने १० ते १२ टक्के. पावसाळ्यात हे करू नये, दमट हवेत हार्डनर पृष्ठभागावर चिकट थर सोडतो. तो ग्रिट डिसेंबरात वाळत घालणार आहे.