गराजचं दार आणि बिलाचा आकडा

आकडा माझ्याकडे नाही. हे मी मंडळाच्या संक्रांतीला सांगितलंय, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलंय, फोनवर तर विचारूच नका. तरी दर ऑक्टोबरात इथे शिकागोच्या उपनगरांत नवं घर घेतलेलं कुणीतरी विचारतंच, "तुम्ही गराजच्या दाराला इन्सुलेशन लावलंत ना? बिल किती कमी झालं?" मी "सांगता येत नाही" म्हटलं की चेहऱ्यावर लगेच दिसतं: म्हणजे पैसे पाण्यात गेले. तर ते पाण्यात गेले नाहीत. वाचले, असंही मी म्हणत नाही. आता सगळं एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी विचारणाऱ्याला हेच पाठवीन.

दार केलं 2018 च्या ऑक्टोबरात. जानेवारीत बाळ आलं, बाळंतपणाला सांगलीहून आई आली, आणि 68 फॅरनहाइटवर असणारा थर्मोस्टॅट 73 वर गेला. वर तो हिवाळा. गॅसचं बिल वाढलं. दारामुळे कमी वाढलं का? मागच्या वर्षीशी तुलना करायची तर मागच्या वर्षीचं घर तरी तेच हवं ना.

शिवाय गराज आम्ही तापवत नाही, तुम्हीही तापवत नसणार. घरातली ऊब आधी मधल्या भिंतीतून आणि गराजच्या छतातून गराजमध्ये उतरते, मग दारातून बाहेर जाते. मधली भिंत भरलेली असेल तर दारानं पडणारा फरक थोडाच असतो. इन्सुलेशनच्या खोक्यावरचा आर-8 हा आकडा (ऊब किती अडते त्याचं माप) दाराला आतून लावायच्या फोमच्या फळीचा आहे, दाराचा नाही. दाराला पत्र्याच्या पट्ट्या आहेत, सांधे आहेत, चारी बाजूंनी फटी आहेत. इथल्या सरकारचा एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो की फटी बुजवून माळा, क्रॉलस्पेसवरची (घराखालच्या बुटक्या पोकळीवरची) जमीन आणि बेसमेंटच्या वरच्या कडा भरल्या तर घर गरम-थंड करण्याच्या खर्चात सरासरी 15 टक्के बचत होते. त्या यादीत गराजचं दार नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी बिलासाठी दार केलंच नव्हतं. गराजच्या डोक्यावर जी एक खोली असते ना, जिची जमीन नोव्हेंबरपासून बर्फासारखी लागते, तीत आई आणि बाळ राहणार होते. जमिनीचं काम करायचं तर गराजचं छत उघडावं लागलं असतं, आणि त्याचा आलेला भाव ऐकून आम्ही गप्प बसलो. दाराचा किट एका शनिवारी लागला.

आता स्प्रिंगचं. कारण आकड्यानंतर हाच प्रश्न येतो, जरा हळू आवाजात: "तुमची स्प्रिंग तुटली होती म्हणे?"

30 जानेवारी 2019. ओहेअरला त्या सकाळी उणे 23 फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे 31 सेल्सिअस. शाळा बंद, टपालखात्यानंही त्या दिवशी टपाल वाटणं थांबवलं होतं. आणि आम्हाला बाहेर पडायचं होतं, कारण बाळाची कावीळ उतरत नव्हती आणि डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासायला बोलावलं होतं. आई तिला तीन दुपट्यांत गुंडाळत होती. नवऱ्यानं गाडी गरम करायच्या आधी दार उघडावं म्हणून बटण दाबलं (बंद गराजमध्ये इंजिन चालू करायचं नाही, एवढं तरी सगळ्यांना ठाऊक असावं). दाराखालची रबरी पट्टी बर्फानं फरशीला चिकटली होती. ओपनर, म्हणजे दार उघडणारी मोटर, कण्हला, दार इंचभर सुटलं, आणि असा बार उडाला की वर भिंतीवरची फ्रेम हलली.

आई बाळाला छातीशी धरून जिन्यातून ओरडली, "अहो, सिलिंडर फुटला का हो?"

सिलिंडर कुठला! दारावरच्या आडव्या दांड्यावरची जाड स्प्रिंग मधोमध तुटून दोन तुकडे झाले होते, मध्ये दोन-तीन बोटं अंतर. या स्प्रिंगच दाराचं वजन तोलून धरतात, ओपनर फक्त ढकलतो. नवऱ्यानं लाल दोरी ओढून दार ओपनरपासून सोडवलं आणि हातानं उचलायला गेला. दोन गाड्यांचं पत्र्याचं दार, गुडघ्यापर्यंतही येईना. मी टाके पडलेली, दाराच्या चौकटीत उभी राहून "सोडा, सोडा ते" म्हणत होते. त्याची बोटं पांढरी पडली होती. त्यानं वर पाहिलं, आमच्या त्या पांढऱ्याशुभ्र नव्या फळ्यांकडे, मग माझ्याकडे, आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. कल्पना माझी होती.

शेवटी समोरच्या आजोबांनी त्यांची गाडी काढली. कारसीटचा बेस आमच्या गाडीतून सोडवून त्यांच्या गाडीत बसवायचा होता. तो पट्टा हातमोजे घालून ओढला जात नाही आणि मोजे काढले की हात चालत नाहीत. आम्ही निघालो तेव्हा आई खिडकीत उभी होती. हात जोडलेले. बाळाचा आकडा उतरला होता, हे सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा जीव तिथेच अडकेल.

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी आला. त्यानं फळ्यांवर टकटक केलं आणि विचारलं, वजन किती वाढवलंत? पंधरा-वीस पौंड असेल, मी म्हटलं. स्प्रिंग दाराच्या वजनाला मापून बसवलेली असते, तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, पण ही स्प्रिंग घराबरोबरचीच दिसते. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडमिटीला धरलेली असते. रोज चार वेळा दार उघडलं तर सात वर्षंही होत नाहीत, आणि आमचं घर 2006 चं. म्हणजे ती जाणारच होती. नवऱ्याचं म्हणणं, जाणारच होती, पण त्याच दिवशी नाही. मी म्हणते, बर्फ आणि उणे 23 ला काहीच श्रेय नाही का? हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे, आणि ज्या दिवशी मी नवऱ्याच्या बाजूनं बोलते त्या दिवशी तो माझ्या बाजूनं बोलतो.

तुम्ही लावणार असाल तर आधी ओपनर सुटा करून दार हातानं अर्ध्यावर नेऊन सोडा. तिथेच थांबलं पाहिजे. फळ्या लावल्यावर पुन्हा तेच करा. खाली येऊ लागलं तर माणूस बोलवा, स्प्रिंगला स्वतः हात लावू नका.

खोलीचं काय झालं? बाळाला आणि मला आई ओव्याची धुरी द्यायची. आधी स्मोक अलार्म ठणाणा करायचा, मग त्याला शॉवर कॅप घातली (धुरी संपली की काढायची). तर ती धुरी सरळ वर जायचीच नाही. गराजच्या बाजूच्या स्कर्टिंगपासून आत लोटली जायची, जमिनीलगत. आई म्हणाली, "वारं खालनं येतंय गं, दारानं काय होतंय?" पुढच्या वर्षी, घराची ऊब कुठून गळते ते तपासणाऱ्या ऑडिटवाल्यानं मुख्य दारात पंखा बसवून, घरातली हवा ओढून, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून हेच दाखवलं आणि पैसे घेतले. मग गराजच्या छतात सेल्युलोज (कागदापासून केलेलं इन्सुलेशन) ठासून भरलं, फटी बुजवल्या, आणि खोली राहण्यासारखी झाली.

"म्हणजे दार नको, छतच करायचं," असं तुम्ही म्हणणार. पैसे एकदाच घालायचे असतील तर हो. पण फळ्या मी काढलेल्या नाहीत. त्यांनी गराज खरंच कमी गारठतं, दार उघडताना खडखडत नाही, आणि सकाळी गाडीची काच खरवडावी लागत नाही. त्याचीही एक गंमत झाली. गराजमधला जुना फ्रीज, ज्यात मी पुरणपोळ्या गोठवते. आजूबाजूला चाळीस फॅरनहाइटच्या खाली असलं की त्याला वाटतं आपण थंडच आहोत, कॉम्प्रेसर चालतच नाही. पूर्वी गराजच गोठलेलं असायचं तेव्हा चालून जायचं. आता गराज अडतीस-चाळीसवर राहतं आणि फ्रीजरमधल्या पोळ्या मऊ पडतात. आता पोळ्या घरातल्या फ्रीजरमध्ये ठेवते.

यंदा नवरा म्हणतो हे दारच बदलू, आतून पॉलियुरेथेन फोम भरलेलं घेऊ, स्प्रिंग त्याच्याच मापाची येईल. मी म्हणते आधी खालची रबरी पट्टी बदल, बर्फ तिथेच धरतो. दाराचा भाव मागवलाय. पट्टी अजून आणलेली नाही.