आय सेव्हनचा स्टिकर

इंजिनीअरिंगच्या याद्या लागल्या की आमच्या धंद्याची लगीनसराई सुरू होते. पुण्यात लॅपटॉप रिपेअरिंगचं आणि जुन्या मशीनचं माझं छोटं दुकान आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये अशाच गर्दीत मोहोळकडचे एक शेतकरी काका मुलीला घेऊन आले. पिशवीत दुसरीकडून १८,०००ला घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप.

"आय सेव्हन हाय. तरी पोरगी म्हणती अडकतोय. फॉरमॅट मारून द्या."

स्टिकर कोरा करकरीत, पण टचपॅडजवळची बॉडी झिजून गुळगुळीत. तिथंच पाल चुकचुकली. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, निघाला इंटेलचा आय सेव्हन-४६००यू. म्हणजे आय सेव्हन खराच, फक्त २०१३चा! आकड्यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. कोअर, म्हणजे त्यातले काम करणारे भाग, दोनच. मोजके अपवाद सोडले, तर इंटेलची किमान आठवी पिढी असल्याशिवाय विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट दोन महिन्यांत, १४ ऑक्टोबरला संपणार होता. बॅटरीची क्षमता किती उरली ते सांगणारा बॅटरी रिपोर्टही कमांड टाकून काढून दाखवला. मुलगी शेजारी उभी राहून कमांड वहीत उतरवून घेत होती.

काकांना पिढीचं गणित कळेना. म्हटलं, "बैल घेताना दात बघता ना? तसंच हे."

आधीच्या दुकानाच्या बिलावर नुसतं 'आय ७ लॅपटॉप'. परतीची मुदत सात दिवसांची, त्यातला तो पाचवा. दीड हजार कापून का होईना, पैसे परत मिळाले.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा हजर. मी आय फाइव्ह-८२५०यू काढला. चार कोअर, ८ जीबी रॅम, एसएसडी, रॅमचा एक स्लॉट मोकळा. २२,०००.

"आय फाइव्ह म्हंजे खालचा न्हवं?" काकांना शंका. खरं तर हा प्रश्न मला दिवसातून दहादा ऐकावा लागतो, सुशिक्षितांकडूनही.

मी समजावतोय तोवर मुलीनं वही उघडून कमांड टाकली. पॉवरसीएफजी, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. मूळ क्षमता ४८,००० मिलीवॅट-अवर, आता फुल चार्ज २७,०००. आणि झाकणावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: 'बॅटरी ओके'. लॉट आला तेव्हा अर्धा तास चालवून बघितली होती, बस्स. रिपोर्ट काढायचा कंटाळा केला होता.

कान तापले. चिठ्ठी नखानं खरवडली आणि त्याच किमतीत नवी बॅटरी टाकून देतो म्हणालो.

काका मुलीकडे वळले. "दात बघितलं व्हय गं?"