वायसर फिरत होता

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिझाइन बघायचो, तेव्हाची गोष्ट. पंपाच्या बेसचं नवीन काम आलं होतं आणि रेतीचा साचा ज्यात धरतात ती लोखंडी पेटी, वरची-खालची अशी अख्खी, मला पहिल्यांदाच स्वतः ड्रॉइंगवर काढायला मिळाली होती. अंगात जरा वारं होतंच.

तिथं पेट्या पाचरीनं आवळायची रीत. दोन्ही पेट्यांच्या कडांवर सी आकाराचा लोखंडी क्लॅम्प अडकवायचा आणि त्यात हातोड्यानं पाचर ठोकायची. हादऱ्यानं वरच्या पेटीतली रेती झडते, साच्यात पडते आणि मशीनिंगला गेल्यावर तिथं खड्डा उघडा पडतो. महिन्याभरात दोन नग असेच भंगारात गेले होते. म्हणून मी पाचर काढली आणि आय बोल्ट घातले. खालच्या पेटीला बिजागरीसारखे फिरणारे चार बोल्ट, वरच्या पेटीच्या कानांना खाचा. बोल्ट उभा करून खाचेत घ्यायचा, वायसर, म्हणजे नटाखालची चकती, सारायचा, नट आवळायचा. ठोकाठोकीच नाही.

हिशोबही केला होता. पाण्यात दाबलेलं लाकूड वर उसळतं तसा लोखंडाचा रस वरच्या पेटीला उचलतो. साच्याचं वरचं क्षेत्रफळ 2000 चौरस सेंटिमीटर, जोडापासून ओतायच्या वाटीपर्यंत उंची 30 सेंटिमीटर, रसाची घनता 7 धरली तर 420 किलो. आतली पोकळी ठेवायला साच्यात बसवलेला रेतीचा गाभा, म्हणजे आठ लिटरचा कोअर, रसात बुडतो आणि वर ढकलतो, त्याचे अजून चाळीसेक. साचा भरता भरता बसणारा शेवटचा झटका धरून दीडपट केलं. त्यातून वरच्या पेटीचं वजन वजा जाता राहिले 500. एका बोल्टवर 125 किलो. बारा एमएमचा साधा बोल्टही हजार किलोला सहज उभा राहतो. मी निर्धास्त!

ओतकामावरच्या मामांना ते बोल्ट बघताक्षणीच पटले नव्हते. "रेतीच्या धंद्यात आटे कशाला आणलं ओ साहेब?" एवढंच म्हणाले. मी हसलो.

दिवस जुलैचा, बाहेर पाऊस. सहा पेट्या रांगेत. पहिल्या दोन व्यवस्थित झाल्या. तिसरीची वाटी भरत आली आणि पेटीच्या जोडावर, माझ्या बाजूच्या कोपऱ्यात, एक केशरी रेघ उमटली. दोऱ्याएवढी. बघता बघता ती बोटाएवढी झाली आणि रस जमिनीवर सांडला. "मागं व्हा!" मामा ओरडले. दोघांनी फावड्यानं कोरडी रेती टाकून तोंड बुजवलं, रस ओतायचा डोल, लेडल, मागं घेतला. जमीन कोरडी होती म्हणून निभावलं. ओल्या फरशीवर रस पडला की खाली वाफ कोंडते आणि उडवून लावते. पावसाळ्यात मामा सकाळी आधी पत्रे कुठं गळतात ते का बघत फिरायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

बोल्ट तुटला असणार, मी पळत जाऊन बघितलं. चारही शाबूत.

मामांनी मला चौथ्या, अजून न ओतलेल्या पेटीजवळ नेलं. पाना माझ्या हातात दिला. नट हलेना, चांगला घट्ट. मग त्यांनी नटाखालचा वायसर एका बोटानं फिरवला. गरगर फिरला, वर खुळखुळलाही.

आट्यांत रेतीचे कण अडकून नट वरच अडला होता. आवळणाऱ्या पोराच्या हाताला घट्ट लागलं, त्यानं सोडून दिलं. नट आणि पेटीच्या मध्ये मिलिमीटरभर फट तशीच. बोल्ट हजार किलोचा असो नाहीतर दहा हजारांचा, पेटी त्या फटीएवढी उचलली जाणारच, आणि रसाला मिलिमीटर पुष्कळ झाला. पाचरीचं तसं नसतं. ढिली असली तर हातोड्याखाली बद्द वाजते, बसली की आवाज खणखणीत होतो. मी पाचर काढली तसा तो आवाजही काढून टाकला होता.

तरी पाचरीकडं परत गेलो नाही; ठोकाठोकीनं रेती झडायची ती झडणारच होती. बोल्ट सोळाचे केले, आटे मोठे, आणि वरून बंद टोपीचे नट लावले म्हणजे रेती आत जायला नको. पहिल्याच दिवशी बोल्टची टोकं टोपीच्या तळाला टेकली. नट पुन्हा घट्ट, वायसर पुन्हा मोकळा. मामा पोट धरून हसले. सहा-सहा एमएम कापले, तेव्हा बसले.

सुधारलेल्या ड्रॉइंगवर मी एक ओळ घातली: 'ओतण्यापूर्वी प्रत्येक वायसर बोटाने फिरवून पाहावा. फिरल्यास ओतू नये.' तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, ड्रॉइंगवर असलं कुणी लिहितं का? मी ती ओळ खोडली नाही.